जिभा फुटल्या, जात फुटली नाही

ज्यांना 'हल्लेलुयावाले' म्हणून हसायची सवय लागलीय त्यांच्यासाठी हे लिहितोय. आणि जे दर रविवारी हल्लेलुया म्हणतात त्यांच्यासाठीही. दोघांनाही राग येणार. येऊ द्या. राग आला म्हणजे निदान वाचलं तरी.

आपल्या नशिराबादपासून इकडं भुसावळ आणि तिकडं जळगाव, हायवेच्या दोन्ही अंगाला आपल्या वस्त्या आहेत. त्यांत कुठं ना कुठं एक पत्र्याची खोली सापडते. वर क्रूस असेलच असं नाही. आत सतरंजी, ढोलकी, खंजिरी, एक माईक. पुढं बाया, मागं भिंतीला टेकून दोन-चार बाप्ये. हे भुसावळच्या रेल्वेवाल्यांचं जुनं चर्च नव्हे. तिथं घंटा वाजते, प्रार्थना पुस्तकातून वाचतात. इथं पुस्तक मिटून लोक ओरडतात, रडतात, थरथरतात, कुणालाच कळत नाही अशा भाषेत बोलतात. याला पेंटेकोस्टल म्हणतात, करिश्माई म्हणतात. आपली पोरं याला 'नाटक' म्हणतात आणि मोटारसायकलला किक मारून पुढं जातात.

मी म्हणतो, थांबा. शत्रू समजा नाहीतर मित्र समजा, आधी तो काय म्हणतो ते नीट ऐका. बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृती जाळली ती वाचून जाळली. न वाचता जाळणारे दुसरे असतात, ते आपल्या घरांना काडी लावतात.

तर हे लोक काय मानतात? साध्या भाषेत सांगतो.

पहिलं : देवाचा पवित्र आत्मा दोन हजार वर्षांपूर्वी येऊन संपला नाही. तो आज, याच पत्र्याखाली उतरतो. दुसरं : तो कुणावरही उतरतो. त्याला पदवी लागत नाही, जन्म लागत नाही, पुरुष असावं लागत नाही. उतरला की माणूस अन्य भाषा बोलतो, ती त्याची खूण. तिसरं : आत्मा दानं देतो. बायबलात करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात अशी नऊ दानं मोजलीत; आजार बरा करणं, भविष्य सांगणं, अन्य भाषा, त्या भाषांचा अर्थ लावणं वगैरे. दानाच्या ग्रीक शब्दावरूनच 'करिश्माई' हे नाव पडलं. चौथं : आजार, दारू, करणी, भूतबाधा सगळं प्रार्थनेनं सुटतं. पाचवं : ज्याचं सुटलं त्यानं उभं राहून सगळ्यांपुढं साक्ष द्यायची. सहावं : कमाईचा दहावा हिस्सा, दशांश, मंडळीला द्यायचा. सातवं : येशू परत यायचाय, आणि लवकर यायचाय.

चौथं, सहावं, सातवं मला मान्य नाही. का नाही ते पुढं येईल. पण दुसऱ्याकडं आणि पाचव्याकडं नीट बघा.

हजारो वर्षं आपल्याला काय सांगितलं? देवाची भाषा एकच. ती शूद्राच्या कानावर पडली तर कानात तापलेलं शिसं. आता कुणीतरी येतं आणि निंदणीला जाणाऱ्या, दुसऱ्याच्या घरची भांडी घासणाऱ्या बाईला सांगतं की देव तुझ्या जिभेनं बोलेल, आणि तू जे बोलशील ते शिकलेल्या पंडितालाही कळणार नाही. पंडितालाच कळणार नाही! सगळा खेळ उलटा झाला की नाही? ज्या जिभेला बंदी होती तीच जीभ देवाची झाली. हे खोटं असेल. मला खोटंच वाटतं. पण त्या बाईच्या आयुष्यात तिची जीभ पहिल्यांदाच कुणी मोजली, हे खोटं नाही.

आणि साक्ष. घरात बोलली तर मार खाणारी बाई तिथं उभी राहते. पदर सावरते. म्हणते, "माह्या पोराले ताप व्हता, कोन्ही आलं नाही, हे लोक आले, रातभर बसले." चाळीस माणसं ऐकतात. ऐकून झाल्यावर टाळी वाजवतात. आपल्या सभेत ही बाई कधी बोलली? आपल्या सभेत ती सतरंजी अंथरते, सभा झाली की झटकते. माईकवर दोन तास आपण. क्रांती, क्रांती, क्रांती. आणि तिच्या पोराचा ताप?

*

एक गैरसमज आधी मोडून काढा. ही गोष्ट अमेरिकेतून डॉलरच्या पाकिटात घालून आली असं शाखेवाले सांगतात, आणि आपलीही पोरं त्यांचंच ऐकून सांगतात. अमेरिकेत जे झालं ते पुढं सांगतो. पण त्याच्या आधी ती महाराष्ट्रात फुटली. पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात, केडगावला. साल १९०५.

तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन होतं. रमाबाई जन्मानं चित्पावन, १८५८ चा जन्म. संस्कृत येतं म्हणून कलकत्त्याच्या पंडितांनी डोक्यावर घेतली. १८८३ साली इंग्लंडात तिनं बाप्तिस्मा घेतला तर इकडं पुण्याच्या भटांच्या तोंडाला फेस आला. तेव्हा तिच्या बाजूनं लेखणी उचलली ती जोतीराव फुल्यांनी. १८८५ साली निघालेल्या त्यांच्या 'सत्सार'मध्ये त्यांनी तिची बाजू लावून धरली. 'धर्म बदलला' म्हणून बाईच्या अंगावर धावून जाणारे कोण आणि तिच्या बाजूनं उभे राहणारे कोण, हे त्याच वेळी ठरलं. आपली जागा जोतीरावांच्या बाजूला आहे. विसरू नका.

१८९६-९७ चा दुष्काळ, मग १८९९-१९०० चा. माणसं किड्यामुंगीसारखी मेली. त्या दुष्काळातून रमाबाईंनी शेकडो पोरी उचलून केडगावला आणल्या. कुणाची आई मेली, कुणाला बापानं टाकलं, कुणाला दलाल विकायला निघालेला. पुढं १९०४-०५ ला वेल्समध्ये, खाणकामगारांच्या मुलखात, असंच एक धार्मिक वारं उठलं. त्याची बातमी केडगावला आली. रमाबाईंनी पोरींच्या प्रार्थनेच्या टोळ्या केल्या. आणि जून १९०५ च्या शेवटी एका रात्री एका पोरीचं अंग पेटल्यासारखं झालं. शेजारची पोरगी पाण्याची बादली आणायला धावली, असं लिहून ठेवलेलं आहे. मग पोरीच पोरी. रडणं, ओरडणं, तासन् तास प्रार्थना. पुढच्या काळात अन्य भाषाही.

त्या वेळी मिनी अब्राम्स नावाची अमेरिकन मेथडिस्ट बाई तिथं कामाला होती. तिनं १९०६ साली या सगळ्यावर पुस्तिका लिहिली. ती पुस्तिका पार दक्षिण अमेरिकेत, चिली देशातल्या वालपरायसो बंदरात तिच्या ओळखीच्या एका मिशनरी जोडप्याकडं पोचली. १९०९ साली तिथं पेंटेकोस्टल चळवळ उभी राहिली. म्हणजे माल बाहेरून इकडं आला एवढंच खरं नाही. इथून तिकडंही गेला. दुष्काळानं टाकून दिलेल्या पोरींचं रडणं समुद्र ओलांडून गेलं.

त्या रात्री केडगावला देव उतरला का? मी नाही मानत. मला तिथं देव दिसत नाही. मला दिसते भूक, मेलेली आई, दलालाचा हात, आणि पाच-सात वर्षं छातीत दाबून ठेवलेली किंकाळी. ती एका रात्री एकदम सुटली. एवढी मोठी किंकाळी ठेवायला त्या पोरींजवळ दुसरं भांडं नव्हतं. प्रार्थना होती, तिच्यात ओतली.

*

आता अमेरिका. १९७२ साली दलित पँथर निघाली तेव्हा नाव काळ्यांच्या पँथरवरून घेतलं. तर काळ्यांचं हे दुसरं घरही आपल्याला माहीत पाहिजे.

विल्यम सेमूर. १८७० चा जन्म, लुइझियानात, गुलामीतून सुटलेल्या आईबापांच्या पोटी. ह्यूस्टन शहरात पारहॅम नावाचा गोरा धर्मोपदेशक पवित्र आत्म्याचे वर्ग घ्यायचा. सेमूरला शिकायचं होतं. पण गोऱ्यांच्या वर्गात काळा बसणार कसा? तोड निघाली. सेमूर बाहेर बसायचा, दार उघडं ठेवायचं, त्यानं तिथून ऐकायचं.

हे चित्र आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आपल्या भिवानं साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसून धडे गिरवले.

दाराबाहेर शिकलेला हा माणूस १९०६ साली लॉस एंजेलिसला गेला. एप्रिलमध्ये अझुसा स्ट्रीटवर एका पडक्या इमारतीत त्यानं प्रार्थना सुरू केली. ती एकेकाळी काळ्यांचं चर्च होती, नंतर तबेला झालेली. तीनेक वर्षं तिथं रोज सभा चालल्या. आणि तिथं काळे, गोरे, मेक्सिकन, मोलकरणी, मजूर एकाच जमिनीवर गुडघे टेकून बसले. काळ्या बाईनं गोऱ्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. कुठल्या काळात? ज्या काळात अमेरिकेत काळ्यांना जिवंत जाळून गोरे पोराबाळांसह बघायला जायचे. त्या काळात हे झालं. याला मी सलाम करतो. भूतखेत सगळं बाजूला ठेवून सलाम करतो.

पण पुढं? त्याच १९०६ च्या शरदात पारहॅम तिथं आला. काळेगोरे एकमेकांच्या गळ्यात पडलेले बघून त्याला किळस आली. १९१४ साली गोऱ्या पास्टरांनी आपली वेगळी संस्था काढली, असेंब्लीज ऑफ गॉड. काळ्यांच्या मंडळ्या वेगळ्या राहिल्या. १९४८ साली उत्तर अमेरिकेतल्या पेंटेकोस्टल मंडळ्यांचा महासंघ निघाला, त्यात सगळे गोरे. तो महासंघ त्यांनी १९९४ साली मेम्फिस शहरात मोडला, माफी मागितली, गोऱ्या पास्टरनं काळ्या बिशपचे पाय धुतले. १९०६ ते १९९४. अठ्ठ्याऐंशी वर्षं! आत्मा उतरला, पण रंग उतरला नाही.

सांगायचं ते हेच. जो विश्वास म्हणतो की आत्म्यापुढं सगळे सारखे, आणि सारखेपणासाठी कायदा करत नाही, भांडण करत नाही, उद्या सकाळी कोण कुठं बसणार हे ठरवत नाही, त्याचा सारखेपणा सभेपुरता. सभा सुटली की चपला घालताना जात परत पायात येते.

आपल्याकडं काय झालं? तामिळनाडूत तिरुचिरापल्लीला ख्रिस्ती कबरस्तानात भिंत घातलेली आहे. एका बाजूला दलित ख्रिस्ती मढी, दुसऱ्या बाजूला सवर्ण ख्रिस्ती मढी. पुनरुत्थानाच्या दिवशी उठायचं म्हणतात. मग काय भिंतीवरून उड्या मारणार? आपल्याकडं भिंत दिसत नसेल, पण विश्वासी भावांनो, एक हिशेब द्या. तुमच्या मंडळीत महाराच्या घरातला विश्वासी आणि मांगाच्या घरातला विश्वासी एका सतरंजीवर बसतात. चांगलं आहे. सोयरिकी किती झाल्या? लेवा पाटलाच्या घरातला विश्वासी भिल्लाच्या घरात पोरगी देतो का? बोटावर मोजा आणि सांगा.

तुमच्याच पुस्तकातून विचारतो. 'प्रेषितांची कृत्ये' काढा. दुसरा अध्याय. सुरुवातीला जोराचा वारा, अग्नीच्या जिभा, अन्य भाषा. हे तुम्हाला तोंडपाठ. त्याच अध्यायाच्या शेवटी काय आहे? ज्यांच्याजवळ जमीनजुमला होता त्यांनी विकला आणि ज्याला जशी गरज तसं वाटलं. हे कोण वाचणार? पुढं सहावा अध्याय. रोजच्या जेवणाच्या वाटपात एका गटाच्या विधवांना डावललं गेलं म्हणून तक्रार झाली. तेव्हा भुकेल्या बायांना 'उपास करा, प्रार्थना करा' असं सांगितलं नाही. सात माणसं नेमली, वाटप सुधारलं. पहिल्या मंडळीनं भेदभाव कारभारानं मोडला. तुम्ही वारा घेतला, आग घेतली, जिभा घेतल्या. वाटप कुठं सोडलं?

*

बाबासाहेबांना हे सगळं दिसलं होतं. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला ते म्हणाले की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि सगळ्या धर्मांचे दलाल धावत आले. मिशनवालेही आले. बाबासाहेबांनी सगळ्यांचं ऐकलं. १ जानेवारी १९३८ ला सोलापुरात ख्रिस्ती लोकांच्या सभेत ते बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन माणसांनी आपल्या मनाची पकड घेतलीय असं त्यांनी सांगितलं. आणि त्याच सभेत तोंडावर हेही सांगितलं की सामाजिक अन्याय मोडण्यासाठी तुमचा समाज कधी लढला नाही. पाहुणा म्हणून गेले आणि खरं बोलून आले.

धर्मांतरित ख्रिस्त्यांच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत निबंध लिहिला. तो त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. त्यातला मुद्दा चाकूसारखा आहे. अस्पृश्य माणूस हिंदूंत असतो तेव्हा त्याला निदान दिसतं की माझी ही गत भोवतालच्या व्यवस्थेनं केली. तो ख्रिस्ती होतो तेव्हा त्याला शिकवतात की तुझी गत तुझ्या पापानं झाली. मग तो भोवताल बदलायला का उठेल? तो पाप धूत बसेल.

याचा अर्थ मला कुठं कळला सांगतो. मी दालमिलमध्ये काम करतो. जळगावची तूरडाळ देशभर जाते, तुमच्या ताटात पिवळी धमक दिसते. ती तशी दिसावी म्हणून रोलरवर तूर घासतात. टरफलाचा भुसा आणि चुरी हवेत उडते. पाळी संपते तेव्हा पापण्या पिवळ्या, नाकात पिवळं, थुंकी पिवळी. दहा-पंधरा वर्षं रोलरवर काढलेला माणूस जिना चढताना मधेच बसतो. असा माणूस प्रार्थनेला जातो. त्याच्या छातीवर हात ठेवतात, मोठ्यानं ओरडतात : निघ! छातीतल्या भुता, निघ!

भाऊ, भूत आहे. मी नाही म्हणत नाही. पण ते त्याच्या छातीत राहत नाही, छातीत त्याचं फक्त जाणंयेणं आहे. ते राहतं मालकानं न बसवलेल्या धूळ ओढायच्या पंख्यात. ते राहतं ठेकेदाराच्या हजेरीच्या वहीत, जिच्यात या माणसाचं नावच नाही, म्हणून ईएसआयचं कार्ड नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यातच लिहिलं होतं की धूळ जिथं निघते तिथूनच ओढून बाहेर काढा. पंचाहत्तर वर्षं उलटली. त्या भुताला 'निघ' म्हणायला कुठला पास्टर दालमिलच्या गेटवर आलाय? आला तर मी त्याच्या मागं उभा राहून हल्लेलुया म्हणेन.

आणि ज्या पास्टरनं आजाऱ्याची औषधं बंद केली असतील त्याच्याशी माझं बोलणंच नाही. त्याच्याशी पोलिसानं बोलावं. डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवणं हा त्या कायद्यात गुन्हा आहे. तो कायदा भगताला आहे, बुवाला आहे, बाबाला आहे, पास्टरलाही आहे. आपल्यातले जे लोक रविवारी विश्वासी म्हणून कुणाला हसतात आणि अमावस्येला गुपचूप भगताकडं लिंबू घेऊन जातात, त्यांनाही आहे. बावीस प्रतिज्ञा घेतल्यात ना? मग लिंबू कुणाचं?

*

आता दुसरी बाजू. विश्वासी माणूस कागदावर ख्रिस्ती का होत नाही? पास्टर म्हणतो, 'आम्ही धर्म बदलत नाही, मन बदलतो.' आपली पोरं म्हणतात, 'सवलती सोडवत नाहीत यांना.' दोघंही अर्धंच सांगतात.

१९५० साली राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं की हिंदू सोडून दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही. १९५६ साली त्यात शीख घातले. बौद्ध घालायला १९९० उजाडलं. बाबासाहेबांबरोबर नागपूरला दीक्षा घेतलेल्यांची पोरं म्हातारी होईपर्यंत केंद्राच्या कागदावर ती कुणीच नव्हती! ही कळ आपण भोगलीय. मग तीच कळ दुसरा भोगतो तेव्हा आपण हसायचं?

मद्रासमधला सूसाई नावाचा चांभार. रस्त्याच्या कडेला बसून जोडे शिवायचा. सरकारनं चांभारांना टपऱ्या द्यायचं ठरवलं. याला नाही, कारण हा ख्रिस्ती. तो थेट सुप्रीम कोर्टात गेला. १९८५ साली हरला. आरी तीच, कातडं तेच, रस्ता तोच, त्याला बघून नाक मुरडणारे लोक तेच. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं त्याची टपरी तेवढी धुऊन नेली. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगानं सांगितलं की अनुसूचित जातीचा दर्जा धर्मावर ठेवू नका. २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला. आयोग बसतात, चांभार उभाच.

ज्याला हिंदू धर्म सोडून जाणारे टोचतात त्यानं हा कायदा केला. जायचं तर जा, पण भाकर इथं ठेवून जा. तिसऱ्या परिच्छेदाचा अर्थ एवढाच. आणि आता 'घरवापसी'चे भोंगे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती शंभरात एकसुद्धा भरत नाहीत, आणि हे ओरडतात की देश बाटला. कोणत्या घरात वापसी? पाटलाच्या वाड्यात घेणार आहात? पंगतीला बसवणार, पोरगी देणार? नाही. गावकुसाबाहेरच्या त्याच घरात. त्या घरातून आम्ही १९५६ ला निघालो ते परत यायला नाही.

म्हणून स्पष्ट सांगतो. उद्या कुणी लाठ्या घेऊन या पत्र्याच्या खोलीवर चालून आलं, ढोलकी फोडली, बायांना ओढलं, तर नशिराबादचा भीमसैनिक दारात आडवा उभा राहिला पाहिजे. त्यांचं म्हणणं पटलं म्हणून नव्हे. आपली आई कुठं बसून रडणार हे ठरवायचा हक्क आपण कुणाच्या बापाला दिलेला नाही म्हणून.

*

शेवटी आपल्याकडं येतो. इथं जास्त झोंबणार.

बाई तिकडं का जाते? चमत्कारासाठी? चमत्कार बघायला ती महिनाभर जाईल. दहा वर्षं जाते ती हजेरीसाठी. एक रविवार चुकला तर सोमवारी दारात दोघी उभ्या. 'काल का नाही आल्या, बरं नाही का?' नवरा दवाखान्यात असला की कुणीतरी डबा घेऊन जातं. मयतीला खांदा मिळतो. पोराच्या परीक्षेला डोक्यावर हात मिळतो. नाव माहीत, पोरांची नावं माहीत, दुखणं माहीत.

आणि आपलं विहार? वर्गणी काढून बांधलं. फरशी चकचकीत, मूर्ती सुंदर, दाराला कुलूप. १४ एप्रिलला उघडतं, बुद्धपौर्णिमेला उघडतं, दसऱ्याला उघडतं, ६ डिसेंबरला उघडतं. मधल्या साडेतीनशे दिवसांत माणसं आजारी पडत नाहीत काय? मरत नाहीत काय?

बुद्धाची एक गोष्ट आहे. बाबासाहेबांनी आजाऱ्यांविषयीची बुद्धाची काळजी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये मुद्दाम घेतलीय. एक भिक्खू हगवणीनं आपल्याच घाणीत पडला होता. कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं, कारण तो कुणाच्या उपयोगी पडलेला नव्हता. बुद्ध तिथं आले. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून मंत्र म्हटला नाही. आनंदाला पाणी आणायला सांगितलं. दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं. मग संघाला गोळा करून सांगितलं की इथं तुम्हाला आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? आणि ज्याला माझी सेवा करायचीय त्यानं आजाऱ्याची करावी.

म्हणजे हजेरी आपल्याकडं उधार आणायची गरज नाही. ती आपल्या धम्मात अडीच हजार वर्षांपासून आहे. बुद्धानं मोक्ष देतो म्हटलं नाही, मार्ग दाखवतो म्हटलं. पण मार्गावर कुणी चक्कर येऊन पडला तर त्याला ओलांडून पुढं जा, असं नाही सांगितलं. आपण चमत्कार नाकारला, बरोबर केलं. चमत्काराबरोबर पाण्याची बादलीही नाकारली, ते कुणाला विचारून?

म्हणून दोघांनाही मागणी.

विश्वासी भावाबहिणींनो, तुमचा आत्मा सगळ्यांचा असेल तर दाखवा. औषध बंद करू नका. दशांशाचा हिशेब भिंतीवर लावा, मजुराच्या घामाचे पैसे आहेत ते. पुढं बसणाऱ्या बायांना पुढंच माईकही द्या. रमाबाईचं नाव घेता आणि पास्टर मात्र बाप्या, हे कसं? जातीबाहेर सोयरिकी करा. तिसऱ्या परिच्छेदाविरुद्ध उघड भांडा, आम्ही बरोबर येतो. आणि ज्या पास्टरनं घरातल्या भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो उतरवायला सांगितला असेल, त्याला एवढंच विचारा : तू ज्या पुस्तकावर हात ठेवून बोलतोस ते पुस्तक वाचायला माझ्या पोरीला शाळेच्या आत कुणी बसवलं?

आणि मित्रांनो, आपल्याला. हसणं बंद. विहार रोज संध्याकाळी सात ते नऊ उघडं. एक वही : वस्तीत कोण आजारी, कोण बाळंतीण, कोणाचं रेशनकार्ड अडलं, कोणाला ठेकेदारानं काढलं. दोघांची रोजची पाळी, जशी मिलमध्ये असते तशी. ज्याची पाळी त्यानं जाऊन यायचं. आठवड्यातून एकदा बायांची सभा, बाप्यांनी सतरंज्या झटकायच्या आणि ऐकायचं. दालमिल, चटई कारखाने, हमाली, जिथं जिथं आपली माणसं आहेत तिथं धुळीचा आणि कार्डाचा प्रश्न लिहून काढायचा आणि गेटवर न्यायचा. गेटवर बौद्ध, विश्वासी, मुसलमान, भिल्ल सगळे एकाच धुळीत उभे असतात. तिथं वेगळ्या भाषेत बोलायची गरज पडत नाही.

हे उद्यापासून करायचं. त्यासाठी निधी नको, नेता नको, ठराव नको. पहिलं काम सोपं आहे. विहाराची किल्ली कुणाच्या घरी आहे, ते आज रात्री जाऊन विचारा.

जयभीम.